पायाखालची जमीन कळेनाशी होते तेव्हा

चप्पल पायातून निसटून मागे राहिली आणि दहा पावलं पुढे गेल्यावर ते ध्यानात आलं, असं शुगर असलेलं माणूस सांगू लागलं, तर दोष चपलेचा नसतो. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या गावांत ही तक्रार नाना शब्दांत ऐकू येते. ‘पायाला मुंग्या येतात’, ‘गादीवरून चालल्यासारखं वाटतं’, ‘रात्री तळपायाची आग होते, पांघरूणसुद्धा सोसत नाही’, ‘अंधारात तोल जातो’. पहिल्या तीन तक्रारी घेऊन लोक दवाखान्यात जातात. चौथी वयावर ढकलून घरीच बसतात. चारही तक्रारींचं मूळ बहुधा एकच असतं, आणि चौथीवर तर माणसाला स्वतः पुष्कळ काही करता येतं. हा लेख त्या चौथ्या तक्रारीबद्दल आहे.

मधुमेह हा आता शहराचा आजार राहिलेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, आणि ग्रामीण भागातही शंभर प्रौढांमागे जवळजवळ नऊ जणांना तो आहे. रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीत पाळी करणारे, घोडनदीच्या बाजारात दिवसभर गाळ्यावर बसणारे, उसाच्या पट्ट्यातले बागायतदार, सगळ्यांच्या घरात शुगरच्या गोळ्यांची पाकिटं दिसतात. त्यांतल्या अनेकांच्या पायांच्या नसा वर्षानुवर्षं हळूहळू निकामी होत जातात.

पायांच्याच का, हे समजून घेण्यासारखं आहे. तळपायाची संवेदना नेणारा तंतू कमरेजवळच्या पेशीपासून थेट पायाच्या बोटापर्यंत जातो. त्याची लांबी जवळजवळ मीटरभर भरते. एवढ्या लांबीला लागणारा माल ती एकच पेशी तयार करते आणि टोकापर्यंत पोचवते. रक्तात साखर वाढलेली राहिली की तंतूच्या आतला कारभार बिघडतो, त्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक केशवाहिन्याही खराब होतात. मग खडकवासल्याच्या कालव्याचं पाणी कमी पडलं की आधी टेलच्या शेतकऱ्याचं रान कोरडं पडावं, तसं शेवटचं टोक आधी मरतं. म्हणून बधिरपणा बोटांपासून सुरू होतो, दोन्ही पायांत सारखा चढतो आणि मोजा घातल्यासारखा घोट्याच्या वर येतो. गुडघ्याच्या आसपास पोचला की हातांच्या बोटांना मुंग्या येऊ लागतात.

आग होणं, टोचणं हे बारीक तंतूंचं काम. तोल सांभाळण्याची खबर मुख्यतः जाड तंतू नेतात: पाऊल कुठे टेकलं, घोटा किती वाकला, भार टाचेवर आहे की चवड्यावर. हे तंतू गेले तर दुखत नाही, फक्त कळेनासं होतं. त्यामुळेच ‘मला काही त्रास नाही’ म्हणणारा माणूस पडण्याच्या धोक्यात असू शकतो.

उभा माणूस स्थिर दिसतो, पण तो सतत किंचित झुलत असतो आणि मेंदू त्याला सतत सावरत असतो. सावरण्यासाठी लागणारी खबर तीन ठिकाणांहून येते. डोळे, आतल्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा, आणि पाय. उजेडात, सपाट घट्ट जमिनीवर निरोगी माणसाची सर्वांत जास्त भिस्त पायांवर असते. पायांकडून येणारी खबर पुसट झाली की मेंदू डोळ्यांवर जास्त विसंबतो आणि दिवसा काम निभावून जातं. म्हणूनच कित्येक वर्षं घरात कुणाला काही जाणवत नाही. मग मोरीत तोंडाला साबण लावून डोळे मिटले, किंवा रात्री लाईट गेली, की उरलेला आधारही जातो आणि माणूस कोसळतो. बर्लिनचे डॉक्टर मोरित्झ रोम्बर्ग यांनी एकोणिसाव्या शतकात मज्जारज्जूच्या रोग्यांमध्ये नेमकं हेच हेरलं होतं. पाय जुळवून उभं राहायला लावून डोळे मिटायला सांगण्याच्या चाचणीला आजही त्यांचंच नाव आहे. घरी एकट्यानं ती करून पाहू नये.

शुगरच्या माणसाचे डोळेही अनेकदा धडधाकट नसतात. मोतीबिंदू लवकर येतो, पडद्याला इजा होते. पाय आणि डोळे दोन्ही कमी पडले तर तोलाला फारसं काही उरत नाही. त्यामुळे वर्षातून एकदा डोळ्यांच्या पडद्याची तपासणी हा तोलाच्या उपचाराचाच भाग आहे.

नसा खबर आणतात तसा हुकूमही नेतात. पावलातले छोटे स्नायू वाळले की बोटं आखडून वाकडी होतात आणि सगळा भार चवड्याच्या हाडांवर येतो. घोटा वर उचलणारा स्नायू दुबळा झाला की पावलाचा पुढचा भाग खाली लोंबतो आणि उंबऱ्याला, गोधडीच्या कडेला, बांधावरच्या ढेकळाला अडकतो. टाचेमागची शीर ताठर होते. मग माणूस पाय फाकवून, लहान पावलं टाकत, खाली बघत हळू चालायला लागतो. एकदा पडला की धास्ती बसते. धास्तीनं चालणं कमी होतं, चालणं कमी झालं की मांड्या आणि पोटऱ्या आणखी वाळतात. हे चक्र मध्येच तोडता येतं.

आधी आपण कुठे आहोत ते मोजावं. संवेदना तपासायला इंग्लंडातल्या इप्सविचच्या डॉक्टरांनी रूढ केलेली एक साधी रीत आहे. माणसानं डोळे मिटून पडून राहावं. घरातल्या कुणीतरी बोटाच्या टोकानं दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांना एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करावा. दाबायचं नाही, टोचायचं नाही. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर संवेदना कमी झाली आहे असं धरून डॉक्टरांकडे जावं. तिथे १० ग्रॅमच्या दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू आणि १२८ हर्ट्झचा कंपनकाटा लावून नीट तपासणी होते.

चालण्यासाठी दुसरी मोजणी. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीपासून तीन मीटरवर खडूनं रेघ मारावी. खुर्चीतून उठायचं, नेहमीच्या चालीनं रेघेपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. मोबाईलवर वेळ लावायची. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं मानतात. आकडा तारखेसह कॅलेंडरवर लिहून ठेवावा, पुढे उपयोगी पडतो.

इथे एक गोष्ट जरा थांबून सांगायला हवी, कारण आपल्या भागात ती फार महत्त्वाची आहे आणि वारंवार सुटते. पायाचा सगळा बधिरपणा शुगरच्या खात्यावर मांडू नये. बी-१२ जीवनसत्त्व कमी पडलं तरी नसा अशाच जातात, वर मज्जारज्जूतले तोलाची खबर वाहून नेणारे पट्टेही खराब होतात. हे जीवनसत्त्व मांस, अंडी, दूध अशा प्राणिज अन्नातूनच मिळतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला, तेव्हा सुमारे दोन-तृतीयांश जणींमध्ये बी-१२ कमी आढळलं. याच गटानं २००६ मध्ये पुणे परिसरातल्या गावांतल्या, झोपडवस्तीतल्या आणि मध्यमवर्गातल्या ४४१ पुरुषांचे आकडे प्रसिद्ध केले. तिथेही प्रमाण जवळपास तेवढंच होतं. माळकरी घर, दूध डेअरीला घालून चहापुरतं मागे ठेवण्याची सवय, आणि त्यावर मेटफॉर्मिन. मधुमेहाची ही सर्वांत जास्त दिली जाणारी गोळी बी-१२ चं शोषण कमी करते. मेटफॉर्मिन उत्तम औषध आहे, ते मनानं बंद करायचं नाही. पण वर्षानुवर्षं ते घेणाऱ्या आणि पाय बधिर असलेल्या माणसाचं बी-१२ एकदा तपासलंच पाहिजे असं मला ठामपणे वाटतं. मधुमेहानं गेलेली नस परत आणणं अवघड असतं. बी-१२ च्या कमतरतेनं गेलेली, वेळेत इंजेक्शनं किंवा गोळ्या मिळाल्या तर, बऱ्याच अंशी सुधारू शकते. गूळ-शेंगदाणे किंवा मोड आलेली कडधान्यं खाऊन ही उणीव भरून निघत नाही.

साखर ताब्यात ठेवणं तर आहेच. त्यानं पुढचं नुकसान मंदावतं. गेलेला तोल मात्र नुसत्या गोळ्यांनी परत येत नाही, त्यासाठी अंगाला सराव द्यावा लागतो.

बधिर पायांच्या माणसानं चालू नये, पायाला जखम होईल, असं पूर्वी डॉक्टरही सांगत. पोहा किंवा सायकल चालवा म्हणत. २००८ मध्ये अमेरिकेत ७९ रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत देखरेखीखाली उभ्यानं व्यायाम आणि चालणं वाढवलेल्यांमध्ये जखमा जास्त झाल्या नाहीत. त्यानंतर सल्ला बदलला. मधुमेही पायाविषयीच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाची आजची शिफारस अशी आहे की कमी किंवा मध्यम जोखमीच्या माणसानं पावला-घोट्याचे व्यायाम आठ ते बारा आठवडे करावेत, आणि दिवसाला हजारएक पावलं वाढवली तरी ती बहुधा सुरक्षित असतात. ज्याच्या पायाला आत्ता जखम आहे त्याला हे लागू नाही. २०१२ मध्ये कॅन्ससच्या संशोधकांनी १७ रुग्णांना दहा आठवडे व्यायाम दिला, तेव्हा त्यांच्या त्रासाची तीव्रता घटली आणि त्वचेतल्या बारीक तंतूंना नव्या फांद्या फुटलेल्या दिसल्या. माणसं थोडी होती, त्यामुळे फार मोठी आशा दाखवणं योग्य नाही. तोल सुधारतो तो मुख्यतः दुसऱ्या वाटेनं. स्नायू बळकट होतात, उरलेल्या संवेदनेचा मेंदू जास्त चांगला उपयोग करतो आणि डोळे, कान, पाय यांची वाटणी नव्यानं लावतो.

व्यायामाला बसण्याआधी तळपाय उजेडात पाहावेत, वाकता येत नसेल तर आरसा खाली ठेवून. फोड, भेग, लालसर डाग असेल तर त्या दिवशी उभ्याचे व्यायाम नाहीत. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराईडसारखी गोळी चालू असेल तर साखर तपासावी, ९० च्या खाली असली तर आधी काहीतरी खावं. स्वयंपाकाचा ओटा आधाराला सर्वांत चांगला. प्लास्टिकची खुर्ची नको, ती फरशीवर सरकते. पायात पट्ट्याची चप्पल किंवा बूट असावेत. सुरुवातीला सून, मुलगा, नातू, कुणीतरी शेजारी उभं असावं.

पहिले काही दिवस बसूनच करावं. टाच टेकवून चवडा वर, मग चवडा टेकवून टाच वर. बोटं पंख्यासारखी फाकवणं. अंगठा एकटा उचलणं, बाकीची चार खाली ठेवून, आणि मग उलट. हे शेवटचं अनेकांना आरंभी जमतच नाही. पायाकडे बघत करत राहिलं की काही आठवड्यांत हालचाल सापडते. जमिनीवर पसरलेला पंचा बोटांनी ओढून घेणं हाही त्यातलाच प्रकार.

मग उभ्यानं, ओटा धरून. दोन्ही टाचा उचलून चवड्यांवर उभं राहणं, सावकाश खाली येणं. पाठ भिंतीला लावून चवडे उचलणं. पाय अडकू नये म्हणून जो स्नायू लागतो तो यानं तयार होतो. एक पाय सरळ ठेवून बाजूला उचलणं, कारण आडवा तोल कमरेचे स्नायू सांभाळतात. हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं हे सगळ्यांत मोलाचं. एकच करायचं झालं तर हेच करावं. प्रत्येक प्रकार आठ-दहा वेळा पुरे.

तोलाच्या सरावात अवघडपणा पायरीपायरीनं वाढवायचा असतो. पाय फाकवून उभं राहणं जमलं की जुळवून, मग एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावून, मग एका पायावर. प्रत्येक पायरीवर आधी दोन हातांचा आधार, मग एका हाताचा, मग एका बोटाचा, मग बिनआधार. दहा सेकंद स्थिर राहता आलं तरच पुढची पायरी. पुढे मान डावी-उजवीकडे वळवत उभं राहणं, घडी घातलेल्या गोधडीवर उभं राहणं. चालण्यात, फरशीच्या सांध्यावरून टाचेला अंगठा लावत चालणं, ओट्याच्या कडेनं आडवं चालणं, दोन पावलं मागे येणं. माणसं बऱ्याचदा वळताना पडतात, म्हणून एका पायावर गर्रकन न फिरता लहान लहान पावलं टाकत वळायची सवय मुद्दाम लावावी. अगदी शेवटी हातात पाण्याचा तांब्या घेऊन किंवा शंभरापासून तीन-तीन कमी करत मोजताना चालावं, कारण खऱ्या आयुष्यात माणूस नुसतं चालत नाही, बोलत आणि सामान घेऊन चालतो. डोळे मिटून करायचे प्रकार फिजिओथेरपिस्टच्या समोरच.

आठवड्यातून किमान तीन दिवस, पंधरा-वीस मिनिटं. बधिर पायाला दुखून इशारा देता येत नाही, म्हणून ‘दुखलं की थांबेन’ हा नियम इथे चालत नाही. सुरू करण्यापूर्वी आणि संपल्यावर पाय बघणं हाच इशारा. मधुमेहात हृदयाच्या नसाही बाधित होतात, त्यामुळे नाडीच्या आकड्यावर विसंबू नये. चालताना सलग वाक्य बोलता येतंय एवढाच वेग ठेवावा. झोपेतून उठल्यावर आधी बाजेच्या कडेला मिनिटभर बसावं, पाय हलवावेत, मग उठावं. उभं राहिल्यावर वरचा रक्तदाब २० नं खाली येत असेल तर डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडण्याची भीती असते. बसून आणि उभ्यानं रक्तदाब मोजून घ्या असं डॉक्टरांना सांगावं. नसांच्या आगीसाठी दिल्या जाणाऱ्या प्रीगाबालिनसारख्या गोळ्यांनीही गुंगी येते, तेही विचारून घ्यावं.

या दोन तालुक्यांत तोलाची खरी परीक्षा घरात नाही, रानात होते. थ्री-फेज लाईट रात्रीची असली की पिकाला पाणी द्यायला, दारं मोडायला रात्री जावं लागतं. अंधार, चिखल, अरुंद बांध, उसाची धसकटं, आणि शिरूरच्या बाजूला बिबट्याच्या भीतीनं होणारी घाई. बधिर पायाला यापेक्षा वाईट काही नाही. ज्याची संवेदना गेली आहे त्यानं हे काम घरातल्या दुसऱ्यावर सोपवावं, हाच खरा सल्ला. ते शक्य नसेल तर डोक्याला बांधायची बॅटरी घ्यावी, म्हणजे हात मोकळे राहतात, आणि काठी न्यावी. काठी नुसता भार घेत नाही. जेका आणि लॅकनर या अमेरिकी संशोधकांनी १९९४ मध्ये दाखवलं की स्थिर वस्तूला बोटाचा अगदी हलका, भार न टाकता केलेला स्पर्शही शरीराचं झुलणं कमी करतो. पायाला न कळलेली जमीन काठीमार्फत हाताला कळते. म्हणून काठी घेण्यात कमीपणा मानू नये.

चपलेबद्दल. बधिर पायाला दुखत नाही म्हणूनच जखम होते, हे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४६ नंतर कुष्ठरोग्यांच्या पायांवरून शिकून जगाला सांगितलं. मऊ मायक्रोसेल्युलर रबराची, म्हणजे एमसीआरची चप्पल त्या कामातून पुढे आली आणि आज मधुमेहींनाही देतात. पण तोलासाठी फार जाड, गुबगुबीत तळ बरा नाही, त्यातून जमीन आणखी हरवते. वर पातळसा एमसीआर, खाली घट्ट, रुंद, न घसरणारा तळ आणि मागे टाचेला पट्टा, अशी चप्पल घ्यावी. पट्टा नसला की चप्पल धरून ठेवायला बोटं आवळावी लागतात आणि पाऊल नीट उचलत नाही. रांजणगावला किंवा सिद्धटेकला गणपतीच्या देवळात दुपारच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा टाळावी, पहाटे जाऊन पायात मोजे घालावेत. गरम पाण्याचा शेक पायाला कधीही देऊ नये.

हे शिकवणार कोण, हा प्रश्न उरतो. फिजिओथेरपिस्ट तालुक्याच्या गावी भेटतो, वाडीवस्तीवर नाही. शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुक इथे डॉ. बानू कोयाजी यांनी १९७७ मध्ये केईएमचा ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला, तेव्हा गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्याचं काम त्यांच्या हाती दिलं. तेच इथे करता येईल. आशाताई तिशीपुढच्या लोकांची शुगर-बीपीची तपासणी करून घेतातच. त्यात सहा बोटांचा स्पर्श आणि तीन मीटरची चाल जोडायला कसलंही यंत्र लागत नाही. फिजिओथेरपिस्टनं महिन्यातून एकदा उपकेंद्रात येऊन जोखमीच्या माणसांना पुढची पायरी दाखवावी, बाकीचे दिवस गटानं सराव करावा.

तुकोबांची पालखी यवत आणि वरवंडला मुक्काम करून रोटी घाट चढते. तिच्याबरोबर चालायची ज्या शुगरवाल्याची इच्छा आहे त्यानं सराव ज्येष्ठात नव्हे, चैत्रात सुरू करावा, चपलांचे दोन जोड वापरून मऊ केलेले न्यावेत आणि प्रत्येक विसाव्याला मोजे काढून पाय दुसऱ्याकडून पाहून घ्यावेत.

बारा आठवड्यांनी तीच खुर्ची, तीच रेघ, पुन्हा वेळ लावावी. दोन-तीन सेकंद जरी कमी झाले तरी ते उंबऱ्याशी आणि मोरीत उपयोगी पडतात. मध्येच एक पाऊल एकाएकी सुजलं, लाल झालं आणि हात लावल्यावर दुसऱ्यापेक्षा गरम लागलं, तर दुखत नसलं तरी सगळे व्यायाम आणि चालणं त्या क्षणी बंद करावं, त्या पायावर भार न टाकता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. आतली हाडं न दुखता मोडत असू शकतात, आणि लवकर प्लास्टर चढलं तर पावलाचा आकार वाचतो.